कापलेल्या सासूबाई

घ्या, चहा घेता घेता ऐका. सत्तरी उलटल्यावर माणसानं नवी विद्या शिकायला हरकत नाही, पण शिकल्या शिकल्या ती बायकोच्या माहेरावर चालवू नये. मी चालवली.

सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात परमुलखात असताना एका गिऱ्हाइकानं मला सिनेमाचा छोटा कॅमेरा दिला होता. थोरल्या लेकीचं बारसं बायकोच्या, हौसाच्या माहेरी, कडेगावला झालं, तेव्हा मी तो घरभर फिरवला. ते रीळ पुढं पन्नास वर्षं डब्यात पडून. यंदा म्हटलं, नीट करू. सांगलीला एक अण्णा आहेत, त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. त्यांनी शिकवलं. फिल्म कापायची, कडेच्या भोकाला भोक जुळवायचं, वरून चिकटपट्टी दाबायची.

"खराब तेवढं काढा," अण्णा म्हणाले. "हाललेलं, पुसट, मधी कोण आलेलं."

आमच्या रिळात मधी येणारं माणूस एकच, माझी सासू. पाळणा जरा दिसतोय तोवर तिचा पदर आडवा. मी कापत गेलो. सोनं शुद्ध करणारा माणूस मी, गाळ कशाला ठेवू? कापलेले तुकडे चिवट होते. परसातला दोडक्याचा वेल बांधायला कामी आले.

महिन्यानं अण्णांचं मशीन आणून भिंतीवर पिक्चर लावलं. हौसा चष्मा पुसून पुढ्यात बसली. पाळणा हलला, बायका हसल्या, संपलं.

"आवं, आई कवा यायची?"

"मधी मधी येत हुती. काढली."

"काढली?"

"कसं साफ झालंय बघ की."

"साफ काय करायचंय? आईचा एक फोटू न्हाई घरात. तिलाच बघाय बसलीया मी. पाळण्यातली काय, रोज फोन करती." मग हळूच म्हणाली, "कुठं ठिवलीया?"

"दोडक्याला बांधलीया."

ती उठली आणि तशीच परसाकडं निघाली.

दोघांनी परसात एकेक गाठ सोडली. महिनाभराच्या पाण्यानं चित्रं धुऊन गेलेली. अगदी वरच्या टोकाचा वीतभर तुकडा तेवढा शाबूत होता. तो जोडला, लावला. सासूबाई खाली डोकं वर पाय अशा आल्या आणि गेल्या. मी उलटा जोडला होता.

"थांब, सोडवून सरळ करतो."

"हात लावू नगा. ऱ्हायलंय तेवढं बी कापशीला. परत लावा."

परत लावलं. दोघंही मान वाकडी करून बसलो. सासूबाईंच्या हातात भरलं ताट होतं, आणि त्या थेट कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोलत होत्या.

"मधी कुठली येतीया?" हौसा म्हणाली. "सकाळधरनं जावई उपाशी फिरतुया म्हणून जेवाय बोलवतीया तुमाला."

सहा वेळा बोलवायला आली होती ती. मी मोजून कापलं होतं.