साडभाऊ वाढायला उठले

यवतमाळ जिल्ह्यात असा एकही मांडव पडला नसेल, ज्याच्या पहिल्या पंगतीत आमचे साडभाऊ बसले नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम बाभुळगाव, धंदा कापूस-तुरीची शेती आणि व्यासंग जेवणाचा. लग्नाची पत्रिका आली की लोक मुहूर्त बघतात, मुलगा काय करतो ते बघतात. साडभाऊ आचारी कोण ते विचारत. पांढरकवड्याचा असला तर आलू-वांग्याची भाजी साधणार पण बुंदी बिघडणार, मुकुटबनकडचं लग्न असलं तर मठ्ठा आंबट निघणार, हे त्यांना घरबसल्या ठाऊक असे. अर्थात बिघडलेल्या बुंदीचाही त्यांनी कधी अपमान केला नाही. मुळात दणकट शरीर, त्यावर चाळीस वर्षांच्या पंगती चढल्या. शेवटी घरचा वजनकाटा एकशेवीसवर जाऊन थांबायचा आणि साडभाऊंचं वजन मात्र थांबलेलं नसायचं. मग त्यांनी कापसाच्या काट्यावर वजन करायला सुरुवात केली. वेचणीच्या बायांची गाठोडी मोजून झाली की हे फळीवर चढत. बाया तोंडाला पदर लावत, आणि साडभाऊ अगदी गंभीरपणे सांगत की यातले दोन किलो ओल धरून वजा करा.

त्यांनी वजन उतरवायचे प्रयत्न केले नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. मी तरी आयुष्यात इतकी डायटं केलेला दुसरा माणूस पाहिलेला नाही. फळांवर राहायचं ठरलं तेव्हा डझनभर केळी आणि सात सीताफळं खाऊन ते दुपारी ढेकर देत म्हणाले की फळांनी जरा अशक्तपणा वाटतो. पुण्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, पोळी-भात बंद करा, तूप चालेल. त्यातला दुसरा भाग त्यांनी त्याच दिवशी अमलात आणला आणि पहिल्यावर विचार सुरू ठेवला. कोणीतरी डबाभर पावडर दिली. ती जेवणाऐवजी घ्यायची होती. साडभाऊ जेवणानंतर घेत, कारण औषध रिकाम्या पोटी घेऊ नये असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं. सगळ्यात मोठा घोटाळा उपासांनी केला. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही चतुर्थ्या त्यांनी एकदम धरल्या. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी आणि तळलेला आलू. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे ज्यानं म्हटलं त्यानं आमचे साडभाऊ पाहिले असणार. दोन महिन्यांत चार किलो वाढले. साडभाऊंनी ते पुण्य समजून सोडून दिलं.

या सगळ्यावर आम्ही पोटभर हसत होतो. मग त्यांचा मोठा भाऊ गेला. सत्तावन्नावं वर्ष, शेतात तुरीच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा असताना छातीत कळ आली आणि संपलं. वडीलही पंचावन्नाव्या वर्षी असेच गेले होते. साडभाऊ तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. तेरवीच्या पंगतीत त्यांनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. लोक त्यांना आग्रह करत राहिले, कारण दुःखी माणसाला आमच्याकडे दुसरं काय द्यायचं ते माहीत नाही, आणि ते खात राहिले. सहा लाडू झाले. पंगत उठली तर यांना मांडी मोडून उठता येईना. चौघांनी धरून उभं केलं, कोणीतरी क्रेन मागवायची गोष्ट काढली, आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो. फक्त ताई हसल्या नाहीत. ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांची बायको. कमी बोलणारी बाई. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या,

“तुमी गेल्यावर मले रोज एकटीनं जेवा लागन. थे मले जमत नाही.”

साडभाऊ दुसऱ्याच दिवशी यवतमाळला डॉक्टरांकडे गेले. मी सोबत होतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाठ थोपटली आणि कसलाच तक्ता दिला नाही. महिनाभर करून सोडायचं असं काहीही करू नका, म्हणाले, मरेपर्यंत रोज करता येईल एवढंच करा, मग ते कितीही थोडं असो. साडभाऊ फार नाराज झाले. तपासणीची फी घेऊन साधा कागदही दिला नाही, असं ते बाभुळगाव येईपर्यंत म्हणत होते. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या लग्नात पहिली पंगत मांडली जात असताना साडभाऊंच्या कमरेला स्वतःच्या हातानं दुपट्टा बांधून वरणाची बादली पुढे ठेवली. पंगत सोडू नका, फक्त बसू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे वाढणारे शेवटी जेवतात. चार पंगती वाढायच्या म्हणजे मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर खेपा होतात, आणि जेवायला बसेपर्यंत जिलेबी संपलेली असते. पहिल्या दिवशी साडभाऊंना धाप लागली, वरण दोघांच्या टोप्यांवर सांडलं आणि एका पाहुण्याच्या पानाकडे ते इतक्या प्रेमानं बघत राहिले की तो पाहुणा अवघडून उठला. पण महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा हात बसला. चाळीस वर्षं वाढून घेतलेला माणूस, आग्रहाचे सगळे डाव त्यांना पाठ होते. नको म्हणणारा खरंच नको म्हणतो की लाजतो, हे ते बोटांवरून ओळखत. त्यांचं वजन पुढे उतरलं हे खरं आहे, पण ते नाहीसं झालं नाही. बाभुळगाव तालुक्यात वाटलं गेलं. त्यातले तीन किलो मी आजही बाळगून आहे.

लग्नं काही बारा महिने नसतात, म्हणून घरीही तेच सुरू झालं. आधी सगळ्यांना यांनी वाढायचं आणि मग ताई आणि ते सोबत बसणार. पोळ्यांची परात फिरवता फिरवता घरात कोण किती जेवतं ते त्यांना कळलं. ताई दीड पोळी खातात हे लग्नानंतर एकतीस वर्षांनी समजलं म्हणून ते दोन दिवस चकित होते.

दुसरी गोष्ट चालण्याची. शेत घरापासून अडीच किलोमीटर, आणि फटफटीशिवाय ते कधी गेलेले नव्हते. ते पायी निघाले आणि गावाला काळजी लागली. आमच्या भागात चालणाऱ्या माणसाला कोणी चालू देत नाही. प्रत्येक गाडी थांबे. काहून पायी, गाडी बिघडली का, असं विचारत लोक त्यांना ओढून मागे बसवत. नाही म्हटलं तर राग. एकदा ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना ट्रॉलीत घालून शेतापर्यंत नेऊन सोडलं, तेव्हा ते परत घरी आले आणि पुन्हा पायी निघाले. आठ दिवसांत गावभर झालं की मुलाशी भांडण झालं, त्यानं गाडी हिसकावून घेतली. मुलगा बिचारा लोकांना खुलासे देत फिरत होता. शेवटी साडभाऊंनी रस्ता सोडला आणि शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेनं, पांदणीनं, जायला लागले. तिथे चिखल, काटे आणि विचारणारं कोणी नाही.

पहिल्या वर्षात जेमतेम सहा किलो गेले. मी म्हणालो, भाऊजी, या वेगानं तर जन्म जाईल. ते म्हणाले, “जन्मच घालवाचा हाये न साडभाऊ. मले कुठं घाई हाये?” पूर्वी एक जिलेबी खाल्ली की डायट मोडायचं, आणि मोडलंच आहे तर मग ताट कशाला सोडा, असा त्यांचा हिशेब असे. आता पोळ्याला ते दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खातात आणि दुसऱ्या दिवशी पांदणीनं चालायला लागतात. मोडायला काही उरलेलंच नाही. तिसऱ्या वर्षी शर्ट ढगळ झाले, तसे नातेवाईक हळूच येऊन ताईंना विचारू लागले की शुगर निघाली का, दवाखाना कोणता. माणूस जाड असताना ज्यांना कधी काळजी वाटली नाही, ती सगळी मंडळी आता व्याकूळ झाली होती.

गेल्या महिन्यात एका लग्नात मीही वाढायला उभा राहिलो, त्या तीन किलोंची लाज वाटून. शेवटच्या पंगतीला आम्ही सात-आठ जणच होतो. साडभाऊ मांडी घालून बसले, एका बाजूला ताई, एका बाजूला मी. उरलेलं वरण, गार भात आणि बुडाला लागलेली भाजी. जेवण होत आल्यावर त्यांनी हात थांबवला.

“साडभाऊ, दादा सत्तावन्नचा होता न?”

हो म्हणालो.

“मले परवा अठ्ठावन्न झाले.” ते भाताकडे बघत होते. “लहानपणापासून त्याच्या मांगं मांगं चाललो मी. आता थो मायापेक्षा लहान झाला.”

मांडवात सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली होती. ताईंनी भाताचं पातेलं ओढून त्यांच्या पानात एक मूद वाढली. पोट भरलेलं असूनही साडभाऊंनी हात आडवा केला नाही, आणि ताईंचं जेवण होईपर्यंत ते एकेक घास घेत त्यांच्याजवळ बसून राहिले.