दोन्ही रेषा आमच्याच

नाइमाच्या सायकलची घंटा कशी वाजायची, सांगू? एकदा लांब आणि मग लागोपाठ दोनदा आखूड. सकाळच्या ओलसर, करड्या उजेडात ती खिडकीखाली किणकिणली की मी ओटा पुसता पुसता हात उंचवायचे आणि ती न थांबता ओरडायची, "बुर्व्राऊ!" बुर्व्राऊ म्हणजे शेजारीणबाई. नवऱ्याच्या नोकरीमागून पुण्याहून डचांच्या देशात, बुइटनव्हेल्डर्टच्या पलीकडच्या या सुखवस्तू उपनगरात आले, तेव्हा कागदोपत्री मी केवळ कुणावर तरी अवलंबून असलेली बाई होते. या परक्या भूमीत मला नात्याने हाक मारणारा पहिला शब्द तो! जन्मभर स्कूटर चालवलेल्या मला सायकल शिकवली तीही नाइमानेच, मागचं कॅरिअर धरून, धापा टाकत. लहानपणी मोरोक्कोहून आलेली, इथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालणारी ही माझी शेजारीण.

मग एका हिवाळ्यात वाचनालयात वस्तीची सभा भरली. आम्ही दोघी शेजारीशेजारी बसलो होतो. पडद्यावर रेषा उमटल्या. लोकसंख्या चढती, सरासरी उत्पन्न चढतं आणि 'पाश्चात्त्येतर' रहिवासीही चढते. आमच्या वरच्या मजल्यावरचं जपानी कुटुंब सरकारदरबारी पाश्चात्त्य, आणि आम्ही नाही! पूर्व कुठे संपते आणि पश्चिम कुठे सुरू होते, हे आता कारकुनांनी ठरवायचं का? माझं डोकं भणभणलं. उत्पन्नाची रेषा वर चढवणारी घरं आमची, संगणकावर डोळे फोडणाऱ्यांची. 'पाश्चात्त्येतर' माणसांची रेषा चढवणारीही आमचीच. पण अख्खं सभागृह त्या शेवटच्या रेषेकडे बघून माना हलवत होतं. एक आजोबा उठून म्हणाले, "आपली वस्ती आता ओळखू येत नाही."

मी ताडकन उठले. घोटून घोटून शिकलेल्या डचमध्ये म्हणाले, "आम्हाला त्या लोकांत मोजू नका. आम्ही शिकलेली माणसं आहोत, बोलावून आणलेली."

टाळ्या पडल्या. आजोबांनीसुद्धा वाजवल्या. आणि धिक्कार असो माझा, मला त्या गोड लागल्या! त्या ओसरेपर्यंत शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

तेव्हापासून मी संतापाने जळते आहे, आणि आता त्या कारकुनांवर नव्हे. हे मला कुणी शिकवलं? भाडेकरूचं आडनाव ऐकून मग किल्ली काढणारं, पंगतीत कोण कुठे बसलं हे न बोलता टिपणारं आमचं घर. त्या घरची ती नजर मी लोणच्याच्या बरणीसारखी जपून, कपड्यांत गुंडाळून आणली. बरणी तरी विमानतळावर तपासली गेली. एका रेषेने मला खाली ढकललं, तर वर चढायला मी पाय ठेवला तो कुणाच्या खांद्यावर? जिने माझी सायकल पडू दिली नाही तिच्या!

चार दिवसांनी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन तिच्या दारात गेले. क्षमा मागण्याची सगळी वाक्यं पाठ केली होती, पण सभेत धावत आलेली ती भाषा दारात अडखळली. नाइमाने डबा घेतला, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून परत केला. रिकामा. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, हे पूर्वी मीच तिला हसत हसत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिने दर वेळी त्यात चार तरी खजूर घातले होते.

घंटा अजूनही वाजते, पण एकदाच, वळणावर वाजवावी लागते म्हणून. परवा मी खिडकी उघडून तिला हाक मारली. ती थांबली, एक पाय जमिनीवर टेकवून वर बघत म्हणाली, "सुप्रभात, मेव्राऊ." मेव्राऊ म्हणजे बाईसाहेब, वृद्धाश्रमातल्या अनोळखी आजींना ती असंच म्हणते. इतक्या आदराने मला आजवर कुणी दूर लोटलं नव्हतं, आणि या एकीवर मला रागावताही येत नाही.