सुतारानं जोडलेली बाकं
शहरातल्या त्या लहानशा चॅपलची बावीस बाकं सुतारानं स्वतःच्या लग्नाच्या वर्षी केली होती. तेव्हा मंडळीला बसायला जागा पुरत नसे. चाळीस वर्षांत कुणी पांगलं, कुणी देवाघरी गेलं; उरले नऊ जण. मग रस्तारुंदीत चॅपल पाडायचं ठरलं. पाळकसाहेब बाकं काढायला मजूर बोलावणार होते.

"मी जोडलीत, मीच सोडवतो," सुतार म्हणाला.

दोन दिवस तो एकटा राबला. शेवटी भिंतीकडचं बाक उरलं. बायको मरेपर्यंत दर रविवारी तिथंच बसायची. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो त्या बाकावर बसला.

पाळकसाहेब शेजारी टेकले. "प्रार्थना करू या का?"

"नको. नुसतं बसू या थोडं."

बाहेर पाडकामाची माणसं खोळंबली होती. थोड्या वेळानं उठून त्यानं त्याही बाकाचे स्क्रू काढले.