पळून आलात का?

“घाम तरी पुसा अगोदर. काय ग्राउंडवरून थेट सुईखाली?”

बाकावर बसलेल्या काकू नवऱ्याला हळूच म्हणाल्या. मला ऐकू आलं. पण आमच्या लॅबच्या फॉर्मवर घामाचा रकाना नाही.

काकूंचे यजमान म्हणजे अप्पा. लातूरला भांड्यांचं दुकान, वय बावन्न, अठरा वर्षं रोज पळतात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी त्यांची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची होती. मी फॉर्मवर होतं तेवढंच विचारलं.

“अनशापोटी आलात?”

“हाव. चहासुद्धा न्हाई.”

पांढऱ्या पेशी पंधरा हजार आल्या. साधारण चार ते अकरा हजार असतात. सर्जननी इन्फेक्शनच्या शंकेने ऑपरेशन पुढे ढकललं, पळणं बंद करायला सांगितलं. आठ दिवसांनी त्याच पेशी तीन हजार सहाशे. सर्जननी हैदराबादला बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी लिहून दिली.

काकू काउंटरवर आल्या. “बाई, ते कॅन्सरसाठीच करतेत ना?”

मी दोन्ही रिपोर्ट घेऊन उठले. आत आमचे पॅथॉलॉजिस्ट सर मायक्रोस्कोपवर होते.

“सॅम्पल बदललं का गं?”

“नाही, सर.”

“मग एकदा पंधरा, एकदा साडेतीन?”

उत्तर माहीत असूनही मी शाळेत कधी हात वर केला नव्हता. पण काकू दारातच उभ्या होत्या.

“सर, पहिल्या दिवशी ते पळून आले होते.”

अप्पांना आत बोलावलं.

“तुम्हीच म्हणलात अनशापोटी या. म्हणलं पोट रिकामंच हाय, तर अठरा किलोमीटर करून येऊ.”

खूप पळलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात. आकडा फुगतो, आणि साधारण दिवसाभरात उतरतो. उलट, वर्षानुवर्षं पळणाऱ्या काहींचा आरामातला आकडा थोडा कमीच असतो. तेवढ्यावरून प्रतिकारशक्ती कमी झाली असं म्हणता येत नाही.

“जुने रिपोर्ट आहेत?” सरांनी विचारलं.

काकूंनी पिशवीतून चार वर्षांचे काढले. सगळे साडेतीन ते चार हजारांच्या आत. स्लाइडवरही वेगळं काही नव्हतं. सरांनी सर्जनना फोन केला. हैदराबाद रद्द झालं, पुढच्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं.

“ऐकलंस तेव्हाच विचारायचं होतंस,” सर मला म्हणाले. बरोबर होतं.

फॉर्म अजून तोच आहे. म्हणून ‘अनशापोटी’नंतरचा प्रश्न मी तोंडी विचारते, बाकापर्यंत ऐकू जाईल असा. लोक हसतात. समोर नवं जोडपं असलं तर जास्तच.

“पळून आलात का?”