शंभर खुर्च्या
घोडनदीच्या घाटावर प्लास्टिकच्या खुर्च्यांचा खडखडाट ऐकला की मला वडिलांचा दहावा आठवतो. नोकरीसाठी शिरूरला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. इथं कुणाच्याही दहाव्याला अख्खी गल्ली जाते, पुढाऱ्यांची भाषणं होतात आणि मयताला कधी न पाहिलेली माणसंही माइकवर गहिवरतात. मला ते सोंग वाटायचं. मी एकाही दहाव्याला गेलो नाही; उलट घरी त्या भाषणांच्या नकला करून वडिलांना हसवायचो. ते गेले तेव्हा मात्र मी शंभर खुर्च्या सांगितल्या. साडेआठ वाजले तरी घाटावर आम्ही घरचे तिघंच. "आप्पा, लोक उशिरा येतात का इथं?" मी मंडपवाल्याला विचारलं. "न्हाई ओ सायेब, येळंवर येत्यात," खुर्च्या पुन्हा एकात एक घालत तो म्हणाला, "पर तुम्ही कवा कुणाच्या दहाव्याला गेलाय का?" आईनं हळूच विचारलं, "ह्यांच्याबद्दल कुणीच बोलणार नाही का?" आता मी एकही दहावा चुकवत नाही. अनोळखी मयताबद्दलही माइकवर चार शब्द बोलतो. माझा आवाज भरून येतो तो अगदी खरा असतो, फक्त माणूस दुसरा असतो.