न वाढणारा हवालदार

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा घाम फुटला होता, आता हसू फुटतं, एवढाच फरक.

मी नवी फौजदार होते. खांद्यावर दोन तारे आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. बारामती तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात माझ्या बुटांचा आवाज माझ्याआधी आत यायचा.

एका सकाळी लोणी भापकरकडचे एक आबा काठी टेकत आले.

"बाईसाहेब, आमचा हवालदार चोरीला गेलाय."

आमचे वयस्क हवालदार बाजूलाच उभे होते. ते दचकलेच. "आबा, मी हितंच हाय की!"

हवालदार हे कुत्र्याचं नाव निघालं. आबांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस. मात्र कुत्रं त्यांनी आयुष्यभर एकाच जातीचं पाळलं, अल्सेशियन. शेवटचा तर कमरेएवढा, नाव फौजदार. तो म्हातारा होऊन गेला आणि त्याच साली आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ओढणारं कुत्रं आता पाळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आबांना दुसरी जात पसंत पडेना. बारामतीपासून इंदापूरपर्यंत दोन वर्षं शोधल्यावर त्यांना जळोचीच्या एका मळ्यात हवं ते सापडलं. आई अल्सेशियन, बाप कुणी ठेंगणा गावठी. तोंड, कान, पाठीवरची काळी झूल सगळं फौजदाराचं, पाय तेवढे वीतभर.

"फौजदारापेक्षा लहान, म्हणून हवालदार," आबा म्हणाले. "त्याच्यामुळं मी परत बांधापतोर चालाय लागलो, बाईसाहेब. आता खाटंवरनं उठूसं वाटंना."

मी सुवाच्य अक्षरात फिर्याद लिहिली : 'अल्सेशियन जातीचे लहान पिल्लू'. 'लहान' शब्द आबांचा, 'पिल्लू' ही माझी भर. पुढे काही विचारलं नाही. ज्याला कळत नाही त्याने विचारायचं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मग महिनाभर शिपाई जिथे दिसेल तिथून पिल्लं आणत राहिले. एका दिवशी माझ्या टेबलाखाली सात पिल्लं होती आणि त्यातल्या एकाने माझ्या चकचकीत बुटावर आपला जबाब नोंदवला. आबा दर सोमवारी यायचे, प्रत्येक पिल्लाकडे बघून मान हलवायचे आणि काठी टेकत परत जायचे. दर खेपेला चाल जास्तच मंदावलेली.

अखेर भिगवणच्या एका मासळीवाल्या खबऱ्याचा फोन आला.

"मॅडम, हायवेच्या एका ढाब्यावर अल्सेशियन हाय. उभा ऱ्हायला तरी बसल्यावानी दिसतोय."

"पिल्लू आहे का?"

"न्हाय वाटत. आवाज बाप्याचा हाय."

"मग आपल्याला नको," म्हणून मी फोन ठेवला.

हवालदार खाकरले. ते माझी चूक कधी काढत नसत, फक्त प्रश्न विचारत. "बघून याया काय जातंय, मॅडम? आबांनाबी घेऊ संगं."

तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही निघालो. ढाब्यापाशी आबा जीपमधून उतरतात न उतरतात तोच ते वीतभर पायांचं कुत्रं धावत आलं आणि त्याने त्यांच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला डोकं लावलं.

ढाबेवाला मात्र सराईत. "कुत्रं कुणाकडंबी जातंय. माझ्याच कुत्रीचं पिल्लू हाय हे, हितंच जन्मलं. तीन महिन्याचं. अजून लई वाढायचंय."

माझी पंचाईत झाली. माझ्या कागदावरही पिल्लूच होतं! चोराचं आणि माझं एकमत.

तेवढ्यात आबा खाली वाकले आणि मेंढरू पारखावं तसा त्यांनी कुत्र्याचा जबडा उघडला. "बाईसाहेब, दात बघा. सुळं झिजल्यात. चार वर्साचा गडी हाय ह्यो. लहान म्हंजे उंचीनं, वयानं न्हाय! मेंढरू घेताना आमी आधी दात बघतो. तुमी काय बघितलं?"

मी हातातली फिर्याद घडी करून खिशात घातली. पण ढाबेवाल्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला.

"म्हंजे... ह्यो आता वाढायचा न्हाय?"

"तुमच्याच ढाब्यावर जन्मला ना?" मी विचारलं. फौजदार म्हणून तो माझा पहिला चांगला प्रश्न. "मग वय आम्हाला कसं विचारता?"

तो मटकन बाजेवर बसला. "रस्त्याकडंला दिसला, टेंपोत घातला. म्हटलं, मोठा हुईल, ढाबा राखंल. महिना झाला मासं चारतोय, मॅडम. आडवाच वाढतोय!"

पंचनाम्यावर सह्या करताना पंचांना हसू आवरत नव्हतं. रीतसर गुन्हा नोंदला, सोपस्कार झाले आणि हवालदार आबांच्या ताब्यात गेला. पुढच्या सोमवारी आबा पुन्हा ठाण्यात आले, काठीऐवजी हातात साखळी. आमच्या हवालदारांनी कुत्र्याला कडक सलाम ठोकला.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते असं : फिर्याद देणाऱ्याचा शब्द कागदावर उतरवण्याआधी त्याच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय, हे त्यालाच विचारावं. नंतरच्या सगळ्या नोकरीत मी 'लहान म्हणजे कसं?' हे विचारल्याशिवाय पेन उचललं नाही.

गेल्या महिन्यात माझ्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात उंची मोजली तर दीड इंच कमी भरली. नात म्हणाली, "आजी, तू लहान होत चाललीस?"

"उंचीने गं, वयाने नाही," मी म्हटलं. "खात्री नसेल तर दात बघ." आणि कवळी काढून तिच्या हातावर ठेवली.