आक्कानं वर केलेला हात

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते माझ्या थोरल्या बहिणीचं. तिला मी आक्का म्हणतो. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. मला मात्र तिनं कोयत्याला हात लावू दिला नाही. कर्जतच्या वसतिगृहात राहून मी बी.कॉम. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी आक्का वस्तीवर घरोघरी पेढे देत फिरली. तिच्या नजरेतली ती जागा कायम माझीच राहणार, असं मी धरून चाललो.

पुढे मला नोकरी लागली ती बचत गटांच्या बायकांनीच उभ्या केलेल्या पतसंस्थेत. ती गटांना छोटी कर्जं देते. आक्का तिच्या वस्तीवरच्या गटाची प्रमुख होती. आम्हा कर्मचाऱ्यांना नियम होता, सभासदाच्या घरी चहाच काय, पाणीही घ्यायचं नाही. बैठक आक्काच्या ओट्यावर असली तरी मी खुर्चीत बसून काम उरकायचो आणि तिनं पुढे केलेला तांब्या परत करायचो. तिला माझा अभिमान वाटत असेल, असं मला वाटायचं.

माझ्यानंतर रुजू झालेली एक मुलगी होती. नियम तीही मोडत नव्हती. ती घरून थर्मास आणायची आणि सतरंजीवर बसून बायकांनाच चहा पाजायची. मग आक्काचा फोन आला की त्या मुलीचंच सुरू व्हायचं: मॅडम असं म्हणाल्या, मॅडमनी शेजारच्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरून दिला. मी नुसतं "हं" म्हणायचो. माझ्या बहिणीच्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक मला सोसत नव्हतं.

शाखा व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली. आमच्याकडे ही निवड गटप्रमुख बायका करतात, सगळ्यांसमोर हात वर करून. नावं दोनच होती, माझं आणि त्या मुलीचं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी आक्काकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. दुसरं नाव आलं आणि तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

"बायांची संस्था हाय, बाईच बसनार," बाहेर आल्यावर माझा एक सहकारी म्हणाला. "आता मॅडमची बॅग धरा, साहेब."

आक्का पायरीवर चपला शोधत होती. मी विचारलं, "माझ्यात काय कमी होतं?"

"कमी काय न्हाई रे. पन तू आलास की आमी हप्ता देतो नि गप बसतो. ती आली की बोलतो. माझ्या दारात तू भावावानी कधी बसला न्हाईस, सायबावानी बसलास."

"नियम होता, आक्का."

"तिला बी हुताच की."

त्यानंतर आक्का ऑफिसात आली की माझ्या टेबलाजवळून सरळ मॅडमच्या केबिनमध्ये जायची. जाताना "जेवलास का?" एवढं विचारायची. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं की माझी बेरीज चुकायची.

शेवटी मी तिला पत्र लिहिलं. फोन केला तर ती स्पीकर लावते आणि सगळी आळी ऐकते.

"आक्का, नमस्कार.

मी बेलापूरच्या शाखेत बदली मागितली. मॅडमनी लगेच सही केली. मी रागानं चाललोय असं कुणी म्हणालं तर खोटं म्हणू नकोस. मॅडम काम चांगलं करतात. हे लिहिताना त्रास होतो, पण ते खरं आहे. तू योग्य माणसाला निवडलंस. तरीही तू मलाच निवडायला हवं होतंस असं वाटतं, तेही खरं आहे. तू शिकवलंस म्हणून मला हे तुला लिहिता येतंय.

रविवारी घरी येतो, सोमवारी निघेन. त्या एका दिवशी मॅडमचं नाव काढू नकोस. बाकी कधीही काढ.

तुझा भाऊ"